आबांच्या छातीतलं भरीत

माझ्या बापानं जन्मात बिडी ओढली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण फुफ्फुसात गाठ निघाली म्हटलं की माणसं पहिल्यांदा तेच विचारतात. "ओढायचे का?" आणि विचारताना तोंडावर एक चोरटं समाधान असतं. ओढत असतील तर बरं, म्हणजे आपण सुटलो. अशा अकरा जणांना मी तोंडावर सांगितलं, "नाही ओढत. आता तुम्ही घाबरा."

आबांनी खाल्ला तो काड्यांचा धूर. फैजपूरच्या पलीकडे आमचं गाव, आणि त्या गावात जीवराम म्हणजे भरीत. कोणाच्या शेतात पार्टी असो, साखरपुडा असो, चंपाषष्ठीचं गावभरीत असो, हिरव्या वांग्यांचा ढीग आणि कपाशीच्या वाळल्या काड्या आणून टाकायच्या आणि म्हणायचं, "जीवरामभाऊ, पाह्यजा आता." मग आबा एकेका वांग्याला सुरीनं टोचे मारायचे, जाळ करायचे आणि त्या जाळात वाकून दोन-दोनशे वांगी उलटवायचे. चाळीस हिवाळे. खाणारे लांब, लिंबाखाली खाटांवर. एकदाही कोणी म्हणालं नाही, जीवरामभाऊ, सरका, जरा मी बसतो. जेवताना मात्र बोटं चाटत म्हणणार, "काय धुराचा वास उतरलाय!" अरे, वास तुमच्या भरतात उतरला, धूर माझ्या बापात उतरला.

मी कामिनी. जळगावात पिंप्राळ्याला माझी पिठाची गिरणी आहे. नवरा प्रेमराज धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरचा. औषधाच्या बाटल्या संपल्या तरी आबांचा खोकला थांबेना म्हणून मीच त्यांना जळगावला आणून छातीचा फोटो काढला, आणि उजव्या फुफ्फुसात, पाठीकडच्या अंगाला, बोराएवढी गाठ सापडली. एक पूर्णांक आठ सेंटिमीटर. तुकडा काढून तपासायला हवा असं डॉक्टर म्हणाले आणि तिथं आमचे पंडितकाका आडवे आले.

पंडितकाका आबांचे धाकटे भाऊ. काका शिकलेले आहेत, म्हणजे मोबाइल वापरतात. त्यांनी जाहीर केलं, "गाठीले लोखंड लागू द्याचं नसतं. सुई लागली का ते खवळते आन् अंगभर पसरते."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्याइले माहीत हाय."

सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीनं आमचे दोन महिने खाल्ले. त्या दोन महिन्यांत काकांनी कुठल्याशा बाबाची पावडर आणली. आबांनी ती इमानदारीत घेतली, आणि गाठ दोन पूर्णांक तीन झाली. पावडरीनं वाढली असं काका म्हणाले नाहीत. सुईनं वाढते, पावडरीनं वाढत नाही, असा त्यांचा कायदा.

शेवटी मी आबांना गाडीत घातलं आणि तुकडा तपासून आणला. कॅन्सरच होता. बाकी अंगात कुठं पसरला नव्हता, हे एक बरं. एका मोठ्या शहरातल्या सर्जनकडं गेलो. त्यांनी आबांना एका यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. आबांनी जीव तोडून फुंकलं आणि शंभरापैकी चौतीस मार्क पडले. सर्जननं घड्याळात बघत सांगितलं, "फुफ्फुसाचा तुकडा काढला तर उरलेल्यावर हे जगायचे नाहीत. ऑपरेशन शक्य नाही." पुढचा पेशंट आत आलासुद्धा. दुसरं काही करता येतं का, हे त्यांनी सांगितलं नाही. मी दारात उभी राहून विचारलं, तेव्हा कागदावर एक नाव खरडून दिलं. विचारलं नसतं तर? हा प्रश्न मला अजून चावतो. न विचारता परत फिरणारे किती असतील?

नाव होतं डॉक्टर भूमिका. धुळ्याची मुलगी, धुळ्यातच एका खासगी हॉस्पिटलात आठवड्यातून दोन दिवस येणारी. पस्तिशीची, पायात स्पोर्ट्स शूज, बोलणं तडातड. ती खुर्ची ओढून आबांच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. कागद माझ्याकडं नाही दिले, आबांशी बोलली.

"आबा, कापायचं नाही. तुम्ही पालथे झोपायचं. मी सीटीच्या यंत्रात बघत बघत पाठीतून एक बारीक सुई गाठीच्या मधोमध नेणार. त्या सुईचं टोक आतल्या आत तापतं. सहा-सात मिनिटं. गाठ जागच्या जागी भाजून मरते. पूर्ण भूल द्यायची नाही, तुमच्या फुफ्फुसाला ती झेपणार नाही. जागा बधिर करू आणि थोडी गुंगी देऊ. पण उशीर नको. तीन सेंटिमीटरच्या वर गेली की आच कडेपर्यंत पोचेल याचा भरवसा कमी होतो."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं घाबरले. आई, म्हणजे बेबाबाई, पदर तोंडाला लावून बसली होती. मग आबांनी घसा खाकरला.

"बाई, टोचे किती मारता?"

"एकच."

"आन् वाफ कुठून निघते?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "थोडी सुईच्या वाटेनं, थोडी श्वासातून."

"टोचा मारला का वांगं फुस्स करते. मले होईन का तसं?"

"होऊ शकतं. फुफ्फुसाबाहेर हवा साठते. काही जणांना होतं. फार झालं तर बारीक नळी घालून काढून टाकतो."

"आन् देठाकडं कच्चं राह्यलं तं?"

आता ती हसली. "तोच खरा प्रश्न आहे आबा. म्हणून मी गाठीएवढंच भाजत नाही. चारी बाजूंनी अर्धं पेर जास्त भाजते. कड कच्ची राहिली की तिथूनच परत उगवते. तुम्ही काय करता हो?"

"भरीत," आबा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "खरं बोलते हे बाई. हिच्याकडूनच करू."

पंडितकाका तेव्हा कँटीनमध्ये होते. बाहेर आल्यावर कळलं तसं त्यांनी कपाळाला हात लावला. "भाऊ, मी सांगतो, लोखंड—"

"पंडित, मी आजवर लाखभर वांग्याइत लोखंड घातलं. फुटतं ते न टोचलेलं."

काकांनी मग सगळा राग माझ्यावर काढला. "कामिनी, काही वाईट झालं तं नाव तुह्यं निघीन. ध्यानात ठेवजो."

ध्यानात ठेवलं. ठेवावंच लागलं. आबांनी होकार दिला तो वांग्याच्या हिशेबानं, पण त्यांना त्या खुर्चीपर्यंत ओढत मी नेलं होतं. सगळ्या भाऊबंदांशी भांडून. उद्या आबांना काही झालं असतं तर गावानं सर्जनला, बाबाला, पावडरीला कोणालाच विचारलं नसतं. पोरीनं बापाला टोचून मारलं, एवढंच राहिलं असतं.

दिवाळी झाल्यावरची तारीख मिळाली. सकाळी नऊला हॉस्पिटलात, रिकाम्या पोटी. मी आईला फोनवर तीनदा बजावलं. नर्सनं कागद भरायला घेतले.

"सकाळपासून काही खाल्लं?"

"काही नही," आबा म्हणाले.

आई अभिमानानं पुढं झाली. "च्या सुद्धा देला नही मी. सक्त. सहा वाजता दोन केळी खाल्ली, बस."

नर्सचं पेन थांबलं. "केळी खाल्ली?"

"मंग? केळं काय जेवण असते का?"

आता आमच्याकडचं काय सांगायचं! घरात बारा महिने केळीचा घड टांगलेला. येता-जाता हात वर करायचा, एक तोडायचं, तोंडात घालायचं. पाहुण्याला केळं देऊन 'आज काही खाल्लंच नाही तुम्ही' म्हणणारी माणसं आम्ही. आईनं नवऱ्याला जेवण दिलं नव्हतं हे तिच्या दृष्टीनं शंभर टक्के खरं होतं. मी तिच्यावर ओरडले, मग भिंतीकडं तोंड करून हसले, कारण आदल्या रात्रीपासून मीही दोन केळ्यांवर होते आणि नर्सला "मी उपाशीच आहे" असं सांगून बिस्किटाचा पुडा मागून घेतला होता.

डॉक्टरनं वेळ दुपारी दोनवर ढकलली. तेवढ्यात माझे सासरे आले, सोनगीरचे अभिमननाना. आबांचे व्याही, शेतकरी माणूस, आवाज असा की एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायला फोनची गरज नाही. त्यांनी वॉर्डात पाय ठेवतानाच अहिराणीत विचारलं, "काय याहीबुवा, केळी खाईसन बठ्ठा दवाखाना थांबाडी दिधा म्हने?"

"तुमच्यासारखं मिरची खाऊन आलो असतो तं यंत्र पेटलं असतं," आबा म्हणाले. बाजूच्या खाटेवरचा पेशंट टाके विसरून हसला.

दोन वाजता आबांना आत घेतलं. दहा मिनिटांत डॉक्टर बाहेर. "कामिनीताई, चला माझ्याबरोबर."

मला वाटलं, आबांचं काही बिघडलं. पण घोटाळा वेगळाच होता. सुई आत नेताना पेशंटनं दर वेळी सारखाच श्वास धरायचा असतो, म्हणजे गाठ दर वेळी एकाच जागी राहते. यंत्रात त्यासाठी रेकॉर्ड केलेला एक गोड आवाज आहे, तो "श्वास आत घ्या, रोखून धरा" म्हणतो. आबांना तो आवाज आला की खोकला यायचा. पंधरा सेकंद धरायचं तर चारावरच सुटायचं. डॉक्टर म्हणाली, "तुमचं ऐकतील का बघा."

मी काचेमागं उभी राहिले. काचेपलीकडं आबा पालथे, पाठ उघडी, पाठीवर खुणा. एवढी बारीक पाठ मी कधी बघितली नव्हती. मला बोलायला माइक दिला. आणि मग एकदम आठवलं. लहानपणी मी काड्यांच्या भाऱ्यावर बसून बघायचे. जाळात वाकायच्या आधी आबा छाती भरून घ्यायचे, ओठ मिटायचे, चार वांगी उलटवायचे आणि मागं सरून सोडायचे. दर वेळी तेवढंच. गेली चाळीस वर्षं हेच तर करत होते.

मी माइकमध्ये म्हटलं, "आबा, काड्या पेटल्या. वाका. चार वांगी उलटवा."

पाठ वर आली आणि थांबली. पंधरा सेकंद. खोकला नाही. डॉक्टरनं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली.

"सरका मागं, आबा. सोडा."

असं नऊ वेळा झालं. नवव्यांदा पडद्यावर सुईचं टोक बरोब्बर बोराच्या मधोमध दिसलं. मग सात मिनिटं ती तापली, आणि त्या बोराभोवती हळूहळू एक धुरकट वर्तुळ उमटत गेलं. डॉक्टर म्हणाली, "झालं. आता जा, चहा प्या. केळं नको."

हवा साठायची ती साठलीच. संध्याकाळी फोटोत दिसली, आणि बोटापेक्षा बारीक नळी बरगडीतून घातली. आई रडायला लागली तर आबाच तिला म्हणाले, "फुस्स होणार हे ते बाई आधीच बोलली व्हती. रडते कसाले?" थोडा ताप आला, थुंकीत एक-दोनदा रक्त आलं. तेही तिनं आधी सांगितलं होतं. चौथ्या दिवशी नळी निघाली. पण आठवडाभर हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत राहा, असं तिनं बजावलं.

अर्ध्या तासात म्हणजे सोनगीर. आणि सोनगीर म्हणजे लेकीचं सासर. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, आबा-आईनं तिथं पाण्यापलीकडं काही घेतलं नव्हतं. लेकीच्या घरचं खायचं नाही, असला हा आमचा मोठेपणा. मी म्हटलं, आता छातीला भोक पडलंय, रीत ठेवा गुंडाळून. आबा ऐकले. आई ऐकली असं मला वाटलं. सोनगीरला पिशवी उघडली तर आत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ, दाळ, तेलाची बाटली आणि अर्धा घड केळी.

माझ्या सासूबाई ताईबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "विहीनबाई, पीठ कसाले लयनात? आमना घर काय दुष्काळ शे का?"

"नही वं, ह्याइले कळण्याचीच भाकर लागते—"

"मंग आमना घरनं जातं काय नुसतं देखाले शे?"

पुढचे आठ दिवस दोन्ही पिठांच्या भाकरी झाल्या. दोन्ही व्याही ओट्यावर बसून कोणाच्या गावचं भरीत खरं यावर भांडायचे, आणि आबांना धाप लागली की नाना लगेच म्हणायचे, "हार मानी का?" म्हणून आबा धाप लागू द्यायचे नाहीत. डॉक्टरनं व्यायामाला दिलेल्या, श्वास ओढायच्या खेळण्यातले तीन गोळे सहाव्या दिवशी तिन्ही वर गेले.

आता खरी गंमत. की माझी फजिती, काय म्हणायचं ते म्हणा.

एक महिन्यानं सीटी करायचा होता. मला गिरणीचा पट्टा तुटल्यामुळं निघता आलं नाही, म्हणून पंडितकाका आबांना जळगावला घेऊन गेले. तिथं मोबाइल नंबर विचारला तेव्हा काकांनी स्वतःचा दिला, म्हणून रिपोर्ट त्यांच्याच फोनवर आला. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी होती, गावभरीत. आबांनी फोनवर सांगितलं होतं, "मी जाळापाशी जाणार नही. वाऱ्याच्या वरच्या अंगाले खुर्ची टाकून बसीन आन् सांगीन. तू ये." मी सकाळच्या बसनं निघाले. फैजपूरच्या अलीकडं फोन बघितला. गावाच्या 'भरीत मंडळ' ग्रुपवर, दोनशे बारा माणसांत, काकांनी रिपोर्टाचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं: 'आधी २.३. आता ३.९. ज्यांना सांगितलं होतं त्यांनी ऐकलं नाही. ईश्वर इच्छा.'

खाली हात जोडलेली चित्रं. एकशेचाळीस.

खोटं कशाला बोलू, भांडणारी मी, त्या क्षणी माझाही विश्वास उडाला. दोन पूर्णांक तीनचे तीन पूर्णांक नऊ. आकडा आकडा असतो. मी डॉक्टरला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिच्या मदतनीसानं सांगितलं, मॅडम केस करतायत, दुपार होईल. रिपोर्ट पाठवून ठेवला. बसमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा पंडितकाका बरोबर असतील असा विचार केला, आणि त्याबद्दल मी काकांना कधी माफ करणार नाही.

शेतात पोचले तर दीडशे माणूस. वांग्यांचे ढीग, काड्यांचे भारे, पुरीची कणीक मळणाऱ्या बाया, आणि सगळ्यांच्या तोंडावर सुतक. इंदिराबाई नावाच्या आमच्या एका चुलत आत्या आहेत, त्या मला बघून दुसरीला म्हणाल्या, मला ऐकू येईल एवढ्याच हळू, "हीच ते." आई चुलीमागून उठली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "काय केलं वं पोरी तू." प्रश्नसुद्धा नव्हता तो.

आबा कुठं आहेत बघितलं तर खुर्चीवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, ओला रुमाल नाकावर. हातात एक वांगं. मी जाऊन खाली बसले.

"रिपोर्ट पाह्यला?" आबांनी विचारलं.

"हो."

"किती झालं?"

"तीन पूर्णांक नऊ."

"मंग बरोबर," आबा म्हणाले.

मला वाटलं धक्क्यानं डोकं फिरलं. आबांनी खुर्चीवरूनच हाक दिली, "पंडित! इकडं ये. लसणाच्या दोन पाकळ्या घेऊन ये."

काका आले. चेहरा लांब, पण आत कुठंतरी जिंकल्याचा ताठा. गर्दी सरकत सरकत भोवती आली. मरायला टेकलेल्या माणसाचं शेवटचं बोलणं ऐकायला जमतात तशी.

आबांनी सुरीनं वांग्याच्या पोटात खोल टोचा मारला आणि लसणाची पाकळी आत मधोमध सरकवली. दुसऱ्या वांग्यातही तसंच केलं. "पंडित, हा लसूण मले शिजलेला पाह्यजे. भाज."

"मी?"

"मंग कोण? मले जाळापाशी बंदी हाय. चाळीस वर्सं मी भाजलं, आज तू बस."

एवढ्या लोकांपुढं नाही म्हणता येईना. काका जाळापाशी बसले, डोळे चोळत, खोकत. कोणीतरी हसलं. थोड्या वेळानं आबांनी पहिलं वांगं काढायला लावलं आणि उभं चिरलं. साल काळी, पण पाकळीभोवतीचा गर पांढरा. पाकळी चिमटीत धरून दाखवली. कडक. कच्ची.

"साल पाहून काढलं असतं तं फसलो असतो. दुसरं राहू दे. देठापर्यंत."

दुसरं वांगं मऊ पडेपर्यंत ठेवलं. आबांनी ते पानावर घेऊन चिरलं. वाफ निघाली. मधोमध पाकळी लोण्यासारखी, आणि तिच्याभोवती गर शिजून तपकिरी झालेला, चांगला चार बोटं रुंद.

"पंडित, मोज. शिजलेलं किती हाय?"

काकांनी बोटं लावली. "चार बोटं."

"आन् लसूण केवढा व्हता?"

"एक पेर."

"म्हंजे लसूण चार बोटं वाढला काय रे?"

मग मागून कोणीतरी खो-खो हसलं, आणि मग सगळी दीडशे माणसं. काका पानाकडं बघत राहिले. आबा म्हणाले, "ते बाई मले बोलली व्हती. गाठीएवढंच भाजत नही, चारी बाजूनं जास्त भाजते, कड कच्ची राहू देत नही. तुमी फोटोत जे मोजून राह्यले ते गाठ नही. ते भाजलेली जागा हाय. ते गाठीपेक्षा मोठीच पाह्यजे. लहान आली असती तं मी घाबरलो असतो."

मीही तिथंच बसले होते त्या दिवशी, डॉक्टरच्या समोर. मीही ऐकलं होतं. ऐकून विसरले, कारण मी बातमी ऐकत होते आणि आबा कृती ऐकत होते.

तरी माझा जीव भांड्यात पडला नव्हता. वांगं ते वांगं, बाप तो बाप. सगळे पुरीच्या कढईकडं वळले तेव्हा मी फोन हातात धरून बसून होते. दुपारी दीडला डॉक्टरचा व्हिडिओ कॉल आला. डोक्यावर अजून हिरवी टोपी.

"ताई, रिपोर्ट शेवटपर्यंत वाचलात का? शेवटी बारीक अक्षरात काय लिहिलंय?"

मी फोटो मोठा करून बघितला. इंग्रजीत दोन ओळी. उपचारानंतर अपेक्षित बदल. आत रक्तपुरवठा दिसत नाही. दोनशे बारा माणसांत एकानंही खाली बघितलं नव्हतं. त्यातलीच एक मी.

"रक्त नाही म्हणजे आत जिवंत काही दिसत नाही," ती म्हणाली. "आता हा डाग महिन्या-महिन्यानं आक्रसायला हवा. आबांना द्या."

आबांनी फोन उलटा धरला, मग सुलटा. "बाई, भाजलं का देठापर्यंत?"

"आबा, बठ्ठं मस्त शे!" ती धुळ्याच्या अहिराणीत ओरडली. "पण मी सर्टिफिकेट देत नाही हं. तीन महिन्यांनी परत बघायचं, मग सहा. कड कुठं जिवंत झाली तर परत टोचू. आणि धुरात गेलात तर मी स्वतः येऊन कान धरीन."

"ये ना. भरीत खायले ये," आबा म्हणाले. फोन मला देताना पुटपुटले, "बोलते अगदी व्याह्यासारखी."

लांबवर मुसळानं भरीत कांडायला सुरुवात झाली होती. लाकडी बडजीत वांगी, मिरच्या, लसूण, ठक-ठक-ठक. मी आईला सांगायला उठले, पण आईनं ऐकलं होतं सगळं. तिनं मला ताटावर बसवलं आणि भरीत वाढलं, मग आणखी वाढलं, मग पुऱ्या, मग परत भरीत, ताटाच्या कडेवरून सांडेपर्यंत. आमच्या घरात चुकलं असं तोंडानं म्हणत नाहीत. इंदिराबाई पण आल्या, कांद्याची पात घेऊन. ती मी घेतली नाही. मला राग धरायला आवडतो.

जाळापाशी पंडितकाका अजून बसलेले. उरलेली शंभर वांगी त्यांच्याच गळ्यात पडली होती, आणि ते असे खोकत होते की मलाही वाईट वाटलं असतं, अजून जरा वेळ बघितलं असतं तर. आबा खुर्चीवरून उठले, नाकावरचा ओला रुमाल सोडला आणि माझ्या हातात दिला.

"दे त्याले. आन् सांग, वाऱ्याच्या वरच्या अंगाले बस म्हणा. मले कोणी सांगितलं नव्हतं."

मी दिला. काकांनी रुमाल नाकाला बांधला, मोबाइल काढला आणि काळ्या बोटांनी बराच वेळ काहीतरी टाइप केलं. दोनशे बारा फोन एकदम वाजले.

'रिपोर्ट चांगला आहे. गैरसमज नसावा. भरीत तयार आहे.'

आबांनी पहिला घास घेतला, चघळला, डोळे मिटले. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत.

"देठाकडं कच्चं राह्यलं," आबा म्हणाले. "पंडितनं भाजलं ना."

आणि ताट पुढं केलं. "वाढ अजून."